सैतानाची थुंकी आणि आमची करवंदे

आमच्या इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या शेजारच्या आजी २९ सप्टेंबरनंतर कुंपणावरच्या ब्लॅकबेरीला हात लावत नाहीत. स्वर्गातून हाकललेला सैतान मायकेलमासच्या, म्हणजे २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणाच्या दिवशी या काटेरी झुडपात कोसळला आणि तेव्हापासून तो दरवर्षी तिच्या फळांवर थुंकतो, असे त्या गंभीरपणे सांगतात. (१७५२ मध्ये पंचांग बदलल्यामुळे काही लोक ही मर्यादा ऑक्टोबरच्या दहा-अकरा तारखेपर्यंत मानतात.) थंडी-ओल वाढली की ही फळे पाणचट होतात व त्यांना बुरशी लागते, हे खरेच आहे. हॉथॉर्न या काटेरी झुडपाची फुले घरात आणली तर मृत्यू ओढवतो, अशीही समजूत आहे. कुजणाऱ्या मांसात तयार होणारे ट्रायमिथाइलअमीन हे उग्र वासाचे रसायन त्या फुलांतही असते.

इंग्रजांच्या या समजुतींना लोकसंस्कृती म्हणतात, आणि राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, विचारल्याशिवाय देवराईतली फांदी तोडू न देणारी माझी आजी मात्र अंधश्रद्धाळू ठरते, याचा मला राग येतो. शेवळे ही रानभाजी काकड या झाडाच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, हे तिला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवले नव्हते.

कायद्याचे मात्र कौतुक केलेच पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समधील १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार, आपोआप उगवलेल्या झाडाची फळे, फुले व पाने कोणाच्याही जमिनीवरून घेतली तरी ती चोरी ठरत नाही. शिवाय १९९७ च्या नियमांमुळे शेतालगतचे २० मीटर किंवा त्याहून लांब जिवंत कुंपण उपटण्यापूर्वी स्थानिक परिषदेला कळवावे लागते. अर्थात महायुद्धानंतर यंत्रांच्या सोयीसाठी मैलोन्‌मैल कुंपणे उखडून झाल्यावर त्यांना हे शहाणपण सुचले. १९६८ च्या कायद्यातही एक मेख आहे: फळे विकण्यासाठी तोडली की ही सवलत संपते. म्हणजे हौशी माणसाने जॅमसाठी टोपली भरावी, पण मुंबई–गोवा महामार्गावर द्रोणातून करवंदे विकणारी बाई या कायद्यापुढे चोर ठरेल.

आमच्या कोकणातल्या गावच्या घराभोवती आता काट्याकुट्यांच्या वईऐवजी चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी भिंत आहे, हे खरे. वर्षातले बहुतेक महिने घर बंद असते, दरवर्षी वई घालायला माणूस मिळत नाही आणि गुरे बागेत शिरतात. इथून त्या गडग्यावर टीका करणाऱ्यांनी तो खर्च एकदा करून पाहावा. मागच्या अंगाची करवंदीची जाळी आम्ही तशीच ठेवली आहे. वाडीतली पोरे कोणालाही न विचारता तिची करवंदे नेतात, आणि ही मुभा देण्यासाठी आमच्या पणजोबांना १९६८ पर्यंत थांबावे लागले नव्हते.