गणतीच्या वहीतली पाने

आमच्या पक्षीमित्र मंडळाची पाणपक्षी गणती दर वर्षी जानेवारीत होत असे आणि तिच्यात ओळीने १४ वर्षे मी लेखनिकाचे काम केले. लेखनिक म्हणजे गटातला असा माणूस, की ज्याच्या हातात दुर्बीण नसते. बाकीचे डोळ्यांना दुर्बिणी लावून तलावाकडे तोंड करून उभे राहतात, नावे आणि आकडे सांगत जातात, आणि लेखनिक खाली मान घालून ते टिपत राहतो. त्यामुळे एवढ्या वर्षांत मी इतरांच्या मानाने पक्षी कमीच पाहिले. ऐकले मात्र पुष्कळ. आजही जानेवारीतल्या त्या पहाटा आठवू लागले, की डोळ्यांसमोर तलाव येण्याआधी कानात पक्ष्यांच्या नावांचे आवाज येतात: "थापट्या, दहा, वीस, तीस, तीसवर सात", "शेकाट्या, बारा, नाही, थांब, त्यांच्या मागे अजून तीन आहेत", "वारकरी मोजायचे कुणी राहिले का?"

माझी निवड कशी झाली, तेही सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी माझ्याकडे दुर्बीण नव्हती आणि अक्षर बरे होते, एवढ्या दोन गुणांवर वही माझ्या हातात आली. मंडळाचे ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे नुसते 'सर' म्हणत असू, त्यांनी वही देताना विचारले, "पेन कोणते आणले आहेस?" मी नवे शाईचे पेन मोठ्या कौतुकाने दाखवले. सर काहीच बोलले नाहीत. सूर्य वर येईपर्यंत दवाने ओल्या झालेल्या पानावरचे निम्मे आकडे पसरून निळे डाग झाले होते आणि ४० चे ९० झाले, की ९० चे ४०, हे मलाच कळेना. तेव्हा सरांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून दिला आणि म्हणाले, "शिसे पाण्यात विरघळत नाही." आधी सांगितले असते तर त्या वर्षीचे एक पान वाचले असते, असे मला तेव्हाही वाटले आणि अजूनही वाटते, परंतु त्यानंतर मी कधी पेन घेऊन गेले नाही, हेही खरे आहे.

मंडळाच्या सहली वर्षभर होत असत. पावसाळ्याच्या तोंडावर सुगरणींची घरटी पाहायला जाणे, पावसात कमळपक्ष्याचा नर पानांवरून पिल्ले सांभाळत कसा हिंडतो ते पाहणे, माळावर चंडोल ऐकणे, हे सगळे आनंदाचेच असे. पण त्या सहलींना गप्पांची सूट होती. गणतीला ती नव्हती, आणि म्हणूनच की काय, वर्षभर जे सदस्य फिरकत नसत तेही गणतीला न चुकता येत.

आदल्या संध्याकाळी सगळे जमत आणि सर आमची परीक्षा घेत. एका मोठ्या पांढऱ्या कागदावर ते मूठभर शर्टाची बटणे फेकत, पाच आकडे मोजत, आणि कागद झाकून विचारत, "किती?" कुणी ६० म्हणे, कुणी ७५. मग बटणे मोजली जात आणि ती निघत ११० किंवा १२०. वर्षानुवर्षे हेच होई. मोठा समूह समोर आला, की माणसाची नजर तो कमीच धरते, हे पक्षी मोजणाऱ्या सगळ्यांच्या अनुभवाचे आहे, आणि त्यावर उपाय एकच: आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढ्या दहांचा तुकडा डोळ्यांत ठसवायचा आणि तो तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत न्यायचा. थवा फार मोठा असेल तर तुकडा शंभराचा. नवीन सदस्यांना ही फसवणूक वाटे. "म्हणजे अंदाजच की!" असे कुणीतरी दर वर्षी म्हणत असे, आणि सर दर वर्षी पुन्हा बटणे फेकत.

बटणांनंतर गोष्ट असे. ती आम्हाला पाठ झाली होती, तरी ती झाल्याशिवाय कुणी उठत नसे. अमेरिकेत त्या काळी नाताळच्या दिवशी दोन गट करून, जास्त पशुपक्षी कोण मारतो अशी चढाओढ लावण्याची पद्धत होती. फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने १९०० साली सुचवले, की मारण्याऐवजी मोजावे. त्या पहिल्या नाताळात अवघ्या २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले आणि ती गणती पुढे कधी बंद पडली नाही. आशियातली जानेवारीतली पाणपक्षी गणती १९८७ पासूनची. सर २७ हा आकडा सांगताना आमच्याकडे पाहून डोकी मोजत. एका वर्षी आम्ही नेमके २७ भरलो, तेव्हा त्यांना झालेला आनंद पुढच्या दिवशीच्या कुठल्याही दुर्मीळ पक्ष्याने झाला नसता.

गणती जानेवारीतच का, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता आणि त्याचे उत्तर नोव्हेंबरातल्या एका सहलीने दिले. हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या बदकांमध्ये नर बरेचदा मादीसारखेच तपकिरी आणि ठिपकेदार दिसतात, कारण विणीनंतर ते भडक पिसे टाकून काही काळ साधी पिसे धारण करतात. त्या सहलीत भुवई बदक आणि चक्रांग यांच्यावरून दोन सुजाण माणसांत जे भांडण झाले, ते पाहून मला हा छंद सोडावासा वाटला होता. जानेवारीपर्यंत बहुतेक नरांचे रंग परत आलेले असतात आणि भांडणाला फारशी जागा उरत नाही. त्याहून मोठे कारण म्हणजे तोवर येणारे आलेले असतात आणि जाणारे अजून निघालेले नसतात. मोजायला समूह थोडा स्थिर सापडतो.

पहाटे अंधारात आम्ही चार गटांत वाटले जात असू. एक गट बांधावर, एक पाणकणसाच्या, म्हणजे पाण्यातल्या उंच गवताच्या, बेटाजवळ, एक उथळ चिखलाच्या बाजूला आणि एक पलीकडच्या काठावरच्या उंचवट्यावर. आदल्या रात्री घड्याळे एकमेकांशी जुळवलेली असत. याचे कारण मला वहीमुळेच नीट समजले. पक्षी काही आपापल्या गटाची हद्द पाळत नाहीत. माझ्या पानावर नोंद असे: ७.२०, चक्रवाक १८, उडून पूर्वेकडे. पूर्वेच्या गटाच्या पानावर असे: ७.२३, चक्रवाक १८, पश्चिमेकडून येऊन बसले. वेळ आणि दिशा लिहिली नसती, तर तलावावर ३६ चक्रवाक झाले असते. गणती संपल्यावर झाडाखाली बसून चारही वह्या अशा पडताळायच्या, हा माझा सगळ्यांत आवडता तास होता. दुर्बिणीवाल्यांना तो कंटाळवाणा वाटे आणि ते पाय पसरून आडवे होत. आम्ही चार लेखनिक मात्र हिशेबनीसांसारखे एकमेकांची पाने तपासत असू. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत, तर कमी आकडा लिहायचा हा सरांचा दंडक होता.

दलदली भोवत्याबद्दल मात्र आम्हा लेखनिकांच्या मनात थोडा राग असे. सगळा तलाव शांतपणे मोजून होत आलेला असे, आणि हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचलून पाणकणसावरून तरंगत येई. क्षणात सगळे पाणी उठे. थापट्या आणि चक्रांग पाण्यावरून सरळ वर झेपावत, वारकरी मात्र उडण्यापूर्वी पाण्यावर पावले आपटत लांबवर धावत जात, आणि त्या फडफडाटात कुणीतरी हताश होऊन म्हणे, "पुन्हा पहिल्यापासून." पान उलटावे लागे. माझ्या वह्यांत असे अर्धवट सोडून तिरपी रेघ मारलेले एक तरी पान प्रत्येक वर्षी आहे.

एका वर्षीची गोष्ट मात्र वेगळी. उजाडत होते, धुके पाण्यावरून उठत होते आणि मी 'टिबुकली, ९' असे लिहून पुढच्या आकड्याची वाट पाहत होते. आकडा येईना. दूर कुठून तरी नाकात बोलल्यासारखा एक आवाज येत होता, तो जवळ आला, वाढला, डोक्यावर आला, तरी माझ्या गटातले कुणी काही बोलेना. शेवटी मी मान वर केली. पट्टकदंब आले होते. पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दिसाव्यात इतक्या खालून, एकामागे एक तिरक्या रांगा धरून ते आमच्यावरून गेले, आणि पंखांची हालचाल थांबवून, थोडे डावीउजवीकडे कलत, पाण्यावर उतरले. हिमालय ओलांडणाऱ्या या हंसांच्या अंगावर यंत्रे बसवून अभ्यासकांनी ७००० मीटरहून अधिक उंचीवरचे त्यांचे उड्डाण नोंदवले आहे. तिथल्या विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवण्याची त्यांच्या रक्ताची क्षमता इतर हंसांहून अधिक असते. हे मी नंतर वाचले. त्या वेळी एवढेच कळले, की सात माणसे मोजायला उभी आहेत आणि सातही जण मोजायचे विसरले आहेत. बऱ्याच वेळाने सर घसा साफ करून म्हणाले, "लिही. त्रेसष्ट." ते त्यांनी कधी मोजले, कोण जाणे.

गणतीत शून्यही लिहायचे असते, हे शिकायला मला वेळ लागला. जो पक्षी दर वर्षी दिसतो आणि या वर्षी दिसला नाही, त्याचा रकाना रिकामा सोडला तर पुढे वाचणाऱ्याला कळत नाही, की पक्षी नव्हता की कुणी पाहिलेच नाही. नदी सुरय एका वर्षी शून्य झाला, पुढच्या वर्षीही शून्य, तिसऱ्या वर्षी २. असे आकडे लिहिताना हात जड होई. १९७१ साली इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात एखादी जागा महत्त्वाची ठरवण्याच्या निकषांत दोन निकष निव्वळ मोजणीचे आहेत: तिथे नेहमी २०,००० पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या जातीच्या समूहाचा किमान १ टक्का तरी असावा. आमचा तलाव यांपैकी कशाच्याही जवळ जाणारा नव्हता. पण कुणीतरी कुठेतरी मोजल्याशिवाय तो १ टक्का कशाचा, हे कळणार नाही, एवढे समाधान आम्हाला पुरत असे.

पुढे मंडळात कॅमेरे आले. मी जुन्या वळणाची आहे असे कुणी म्हणेल, तर म्हणो. पण गणतीच्या दिवशी चांगल्या छायाचित्रासाठी चिखलात पुढे पुढे सरकणाऱ्या माणसाइतका उपद्रव भोवत्यानेही दिला नाही. भोवत्याला निदान पोट होते. त्याच वेळी हेही कबूल केले पाहिजे, की चिखलातल्या तुतारी पक्ष्यांवरून झालेल्या कितीतरी वादांचा निकाल त्याच कॅमेऱ्यांनी लावला.

शेवटच्या काही वर्षांत सरांना वटवट्यांचे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. वय वाढले, की आधी उंच पट्टीचे आवाज कानातून जातात. बोरूच्या बेटातून येणारी ती 'चक्, चक्' त्यांनीच आम्हाला शिकवली होती. त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. फक्त बोरूजवळ आल्यावर ते गटातल्या एका शाळकरी मुलीच्या शेजारी उभे राहू लागले आणि तिने बोट वर केले, की माझ्याकडे पाहून "वटवट्या, एक" म्हणू लागले. मी लिहीत गेले.

त्या १४ वह्या आता मी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवत आहे. आठव्या वर्षीच्या वहीत एक जुनी रुखरुख समोर आली. पान उलटताना त्या वर्षी मी सहज वर पाहिले होते आणि उंच आभाळात मला काळा करकोचा दिसला होता. इतर कुणी पाहिला नव्हता. सरांनी तिथल्या तिथे उलटतपासणी घेतली होती: पोट पांढरे होते का? होते. पाय लाल? होते. आणि मानेचा रंग? कांडेसर या दुसऱ्या करकोच्याची मान पांढरी असते, म्हणून हा प्रश्न. मला मान आठवेना. "मग लिहायचे नाही," असे सर म्हणाले होते, आणि मी परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोलले नव्हते. आता त्या पानाच्या समासात, अगदी खाली, माझ्या नव्हे अशा अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेले दिसले: 'का. करकोचा १? लेखनिक.' वह्या पडताळताना त्यांनी ते केव्हातरी लिहिले असणार. मी ते बराच वेळ पाहिले, आणि संगणकावरच्या यादीत काळ्या करकोच्यापुढचा रकाना कोरा ठेवून पुढच्या पानाकडे वळले.