पुणेला निघालेलं भडंग

दुपारचं जेवण उरकून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात आईनं फोन नाकासमोर धरला. मावशीला पाठवलेल्या भडंगाचा मेसेज आला होता : ‘आपली ऑर्डर पुणेला निघाली आहे.’

‘‘पुणेला? हे कोण लिहितं रे?’’

‘‘कॉम्प्युटर.’’

‘‘मग त्याला आधी शाळेत घाल.’’

दुकानाची वेबसाइट मीच केलेली. हे आई विसरली असावी, किंवा विसरली नसावी.

चूक एका ओळीची. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन स्ट्रिंगांच्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांच्या, मध्ये टिंब दिलं की ते चिकटतात. गावाचं नाव, टिंब, ‘ला’. तपासताना मी सांगली टाकून पाहिलं होतं. सांगलीला. मग तासगावला, कराडला. सगळं सुरळीत. आमच्या गावाचं नाव समजूतदार, कुठलाही प्रत्यय लावा, कुरकुर नाही. हे साताऱ्याला जमत नाही. (सासुरवाडी तिकडची, म्हणून मुद्दाम नोंदवतो.)

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत टिंबाऐवजी अधिक असतं. त्या अधिकावर माझा जुना राग आहे. ५ आणि ५ मिळवले तर १०, पण त्यातला एक ५ अवतरणचिन्हात बसून मजकूर झाला असेल तर ५५. एकदा २०० रुपयांच्या हळदीवर ५० रुपये टपालखर्च धरून मी गिऱ्हाइकाला २००५० रुपयांचं बिल दाखवलं होतं. हळद सांगलीची असली म्हणून काय झालं!

शब्दांच्या मध्ये हे अधिक मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत. गणिताचा तास नुकताच संपलेला, फळा अर्धवट पुसलेला, आणि त्याच फळ्यावर बाईंनी लिहिलं : विद्या + आलय. मला उठवलं. मी म्हणालो, ‘‘विद्याआलय.’’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. ‘‘दोन आ शेजारी आले की एकच उरतो,’’ एवढंच म्हणाल्या आणि खाली जगत् + नाथ लिहिलं. जगन्नाथ! नाथ अजून उंबऱ्याबाहेर, आणि इकडे त् नं कपडेसुद्धा बदललेले. मला ते फार आवडलं होतं. बेरजेत असं कुणी कुणासाठी करत नाही.

कॉम्प्युटर मात्र जगत्नाथ असंच ठेवतो. त्याला उच्चार ऐकूच येत नाही. आपण ‘क्ष’ला एक अक्षर म्हणतो, जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ३ सांगेल. क, पाय मोडल्याची खूण आणि ष. पीएचपीची साधी मोजणी बाइट, म्हणजे साठवणीचे तुकडे, मोजते, ती ९ म्हणते.

संध्याकाळी नियम लिहायला बसलो. शेवटच्या ‘आ’चा ‘या’ करायचा. सातारा, लोणावळा, शिराळा जमले, मग अयोध्या आडवी आली. नाद सोडला आणि सरळ तक्ता केला : एका रकान्यात गाव, शेजारी हातानं लिहिलेलं रूप. पुण्याला. आष्ट्याला. विट्याला.

मिरजेवर अडलो. आईचं माहेर तिथलं, ती ‘मिरजेला’च म्हणते. दुकानदार म्हणतात, ‘‘मिरजला लिहा हो, सगळे तसंच बोलतात.’’ पैसे दुकानदार देतात.

तक्त्यात ‘मिरजला’ आहे. मामाकडचं भडंग हल्ली मी स्वतःच गाडीवरून नेऊन देतो.