पाचांतला सगळ्यात मंद

बाबांच्या मानेचा पट्टा हे या उद्योगाचं मूळ. आमच्या सहा इंची डॉब दुर्बिणीच्या (डॉब म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) फाइंडरमधून, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून, बघायचं तर नळीला गाल टेकवून मान मुरगळत उभं राहावं लागतं. ७४ व्या वर्षी, स्पॉन्डिलायटिस घेऊन, ते कुठून जमणार? फाइंडरच्या जागी हिरवा लेझर बसवला तर खुर्चीत रेलून, रेघ कुठे टेकते ते बघत दुर्बीण फिरवता येईल, एवढाच बेत होता. तयार वस्तू बाजारात मिळते. पण बाबांची उभी हयात टूलरूममध्ये गेली. विकतचा ब्रॅकेट घरात आला तर ते दोन दिवस बोलले नसते.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, पाच हिरवी लेझर मॉड्यूल आणली. बारा मिलिमीटर व्यासाची पितळी नळकांडी, मागे लाल-काळी वायर, प्रत्येकावर '५ मिलिवॉट' असं स्टिकर. पाच अशासाठी की स्वस्तातल्या हिरव्या लेझरचे दोन नग कधी सारखे निघत नाहीत. लाल लेझरमध्ये एक डायोड आणि एक भिंग, संपलं. या हिरव्यात आधी ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड डायोड पेटतो, तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ चा इन्फ्रारेड निघतो, आणि केटीपीचा दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा बाहेर काढतो. इवलेसे स्फटिक, चिकटवलेले. जरा सरकले की बिनसलं. वर उरलेला इन्फ्रारेड अडवायला पुढे फिल्टर लागतो, आणि पैसे वाचवायचे तर तो गाळायला सगळ्यात सोपा. तो नसला तरी गिऱ्हाइकाला काय दिसणार?

मॉड्यूलांना एक ते पाच नंबर दिले. चार नंबर मीच घालवलं. तीन व्होल्टच्या मॉड्यूलला भरलेला लिथियम सेल जोडला, म्हणजे ४.२ व्होल्ट. मिनिटभर झकास हिरवं, मग विझत विझत अगदी मंद, गडद लाल. बाबा वाकून बघायला लागले तशी मी वायरच उपटली. ते मंद लाल म्हणजे उघडा पडलेला ८०८ चा डायोड. आपल्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो; बाहेर मात्र भरपूर पडत असतो.

उरलेल्या चौघांसाठी उजेड मोजणारा बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, नऊ व्होल्टची बॅटरी, शंभर ओहमचा रेझिस्टर आणि मल्टिमीटर. यातून मिलिवॉट नीट कळत नाहीत, आपसातली तुलना तेवढी होते. एक नंबर ६१० मिलिव्होल्ट, तीन नंबर १६०. पाच नंबर श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं, ते बाद. आणि दोन नंबर, जे भिंतीवर एक नंबरपेक्षा स्पष्ट फिकं दिसत होतं, त्याने दाखवले ७४०.

बाबा म्हणाले, "मीटर बघ आधी." मीटर ठीक होता. मग डोक्यात आलं की फोटोडायोडमधल्या सिलिकॉनला हिरव्यापेक्षा इन्फ्रारेड जास्त मानवतो. कपाटात एक मेलेला वेबकॅम होता, म्हणजे चित्र धूसर पण चालू. त्याच्या भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी काचेची टिकली चिमट्याने काढली आणि फोटोडायोडपुढे धरली. तीन नंबर १६० वरून १५० वर आलं, काचेने तेवढं खाल्लं असेल. दोन नंबर ७४० वरून थेट १९०!

फिल्टर काढल्यामुळे वेबकॅमलाही आता इन्फ्रारेड दिसायला लागला होता (टीव्हीचा रिमोट दाबून खात्री केली). मग सीडी. सीडीच्या खाचा १.६ मायक्रॉनवर असतात आणि प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या कोनात वळवतात. पुठ्ठ्याच्या भोकातून लेझर सीडीवर सरळ पाडला की पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना ठिपके उमटतात. सीडी एक मीटरवर असेल तर पहिला हिरवा मधल्या भोकापासून ३५ सेंटिमीटरवर, दुसरा ८९ वर. गंमत अशी की १०६४ बरोबर ५३२ ची दुप्पट, त्यामुळे त्याचा पहिला ठिपका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्याखालीच लपतो. ८०८ ला मात्र लपायला जागा नाही. तो ५८ सेंटिमीटरच्या आसपास पडतो, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. दोन नंबर लावल्यावर वेबकॅमच्या चित्रात नेमका तिथे फिसकटलेला पांढरा डाग होता. तीन नंबरला तिथे अंधार.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने २०१० मध्ये १५ डॉलरचा एक हिरवा पॉइंटर असाच तपासला होता. त्यावर लिहिलं होतं १० मिलिवॉट, हिरवा उजेड जेमतेम, आणि इन्फ्रारेड जवळजवळ २० मिलिवॉट. डोळा उजेडाला दचकून मिटतो. न दिसणाऱ्याला तो काय दचकणार? स्वस्त लाल प्लॅस्टिकचे गॉगल हिरवा अडवतात, पण तेवढ्यावरून त्यांच्यावर विसंबून बसू नका. ८०८ आणि १०६४ साठी किती संरक्षण आहे ते गॉगलवर छापलेलं असलं तर बोला.

एक नंबर पुष्कळांनी निवडलं असतं. पण ते तीनच्या चौपट, आणि आमच्या गच्चीवरून विमानं दिसतात; वैमानिकाचे डोळे दिपायला नकोत. बाबांना तारा दाखवायचाय, आख्ख्या सिंहगड रोडला नाही. अंधारात रुळलेल्या डोळ्यांना तीन नंबरची रेघ पुरून उरते. शिवाय आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या शेजारी कधी बसलो तर शिव्याही कमी खाव्या लागतील.

जोडणी बाबांची. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला बारा मिलिमीटरचं बोअर, रीमर फिरवून घेतलेलं, थोडी थर्मल पेस्ट आणि बाजूने एकच ग्रब स्क्रू, तोही बोटांच्या जोरावर. जास्त आवळला तर पितळ दबतं आणि आतले स्फटिक रुसतात. खाली फाइंडरच्या खाचेत बसणारा डव्हटेल, तो त्यांनी कानशीने घासून बसवला. बॅटरीसाठी त्याच पट्टीवर जुन्या टॉर्चची नळी. बटण दाबायच्या आधीच वास आला आणि वायर चटका बसेल इतकी तापली.

"तुझी वायर," बाबा.

"तुमची नळी," मी.

चूक दोघांची होती. आमच्या मॉड्यूलचं पितळी अंग आतून पॉझिटिव्हला जोडलेलं आहे हे मी तपासलं नव्हतं, टॉर्चच्या नळीचं अंग निगेटिव्ह, आणि मध्ये धातूची पट्टी. मल्टिमीटर बीपवर ठेवून आधी पाच सेकंद घालवले असते तर वाचलं असतं. आता मध्ये वीज न वाहणारी हायलमची पट्टी आहे, सेलचा डबा प्लॅस्टिकचा, आणि बटण घंटीसारखं: बोट उचललं की बंद.

रेघ दुर्बिणीशी जुळवायला हलत नाही म्हणून ध्रुव सोयीचा. पण पुण्यातून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, आणि आमच्याकडून त्या दिशेला इमारती. इतक्या खाली लेझर मारायचाच नाही. म्हणून ब्रह्महृदय उंच चढेपर्यंत थांबलो. तो आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मधोमध आणायचा, स्क्रू फिरवायचे, तेवढ्यात तो सरकलेला असतो, पुन्हा आणायचा. चौथ्या खेपेला आयपीसमध्ये हिरवी रेघ ताऱ्यापाशी येऊन संपली.

डिसेंबरच्या थंडीत तीन नंबर सुरुवातीला अगदीच मलूल असतं, कारण गार झालेल्या ८०८ च्या डायोडची तरंगलांबी सरकते आणि स्फटिकाला ती पचत नाही. म्हणून बाबा ठोकळा स्वेटरच्या खिशात ठेवतात आणि लागेल तेव्हा खाचेत सरकवतात. काल कृत्तिकांवर रेघ नेऊन ते म्हणाले, "आता बघ." मी आयपीसला डोळा लावते आहे तोवर त्यांनी बोट उचललं.

"विमान येतंय. जाऊ दे त्याला."