आर्टेमिया धुऊनच घाला राव
पुण्यात घरी मासे ब्रीड करणारे आपण सगळे पिल्लं मेली की आधी पीएच बघतो, कॉर्पोरेशनच्या क्लोरीनला शिव्या घालतो, पण पिल्लांना खायला घालायचे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) ज्या बाटलीत उबवतो, तिच्याकडे कोणी बघतच नाही. अंडी फुटताना ग्लिसरॉल बाहेर पडतं, ती व्हिब्रिओ बॅक्टेरियाला आयती मेजवानी, त्यात 28 डिग्रीचं खारं पाणी, मग काय, 24 तासांत नुसता सुळसुळाट! वर फेस येतो ना, वास घेऊन बघा एकदा. कोळंबीच्या हॅचरीत म्हणूनच आर्टेमियाची अंडी हायपोक्लोराइटमध्ये (म्हणजे ब्लीचमध्ये) टाकून कवच काढतात. तेवढं नाही जमलं तरी फुटलेले आर्टेमिया बारीक जाळीत स्वच्छ धुवा, बाटलीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही म्हणजे नाही. आणि ताजे असतानाच घाला, काही तासांनी त्यांचं तोंड उघडलं की ते बॅक्टेरियाच गिळत बसतात.