बॉनेटला फुगवटा का असतो

जुन्या स्पोर्ट्स कारचं वेड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टॉप स्पीड किती? मला वेगाचं आकर्षण कधीच फारसं नव्हतं. शाळेत असल्यापासून वह्यांच्या शेवटच्या पानांवर मी या गाड्या काढत आले, पण आपल्याला त्यांत नेमकं काय आवडतं हे कळलं ते मशीन डिझाइनमध्ये नोकरी करायला लागल्यावर. या गाड्यांच्या अंगावरची रेघन्‌रेघ कुठल्या तरी अडचणीतून आलेली आहे.

जॅग्वार ई-टाइपच घ्या. मार्च 1961 मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. तिच्या लांबलचक बॉनेटवर मधोमध जो फुगवटा आहे, तो बघणाऱ्याला शोभेचा वाटतो. पण आत 3.8 लिटरचं, ओळीत सहा सिलिंडर असलेलं उंच इंजिन आहे आणि बॉनेट तर होईल तितकं खाली हवं होतं. मग इंजिनाच्या डोक्यापुरतीच जागा वर उचलली. समोरची काच बुटकी आणि रुंद, म्हणून वायपर तीन. हा आकार घडवणारे माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले. वक्ररेषा ते नजरेच्या अंदाजाने नाही, गणिताने मांडायचे. मला हे कळलं त्या दिवसापासून ती गाडी आणखीच सुंदर दिसायला लागली.

मर्सिडीज 300 एसएलचे पंखासारखे वर उघडणारे दरवाजे तर सगळ्यांनाच माहीत असतात. 1954 ची ही गाडी नळ्यांच्या सांगाड्यावर उभी आहे. सांगाडा ताठ राहावा म्हणून बाजूच्या नळ्या बऱ्याच उंचीवरून नेल्या होत्या. नेहमीसारखा दरवाजा करायचा तर त्या कापाव्या लागल्या असत्या. बिजागऱ्या छताला गेल्या त्या अशा. आत शिरताना अडू नये म्हणून स्टिअरिंग दुमडायची सोय केली, आणि बॉनेट खाली ठेवायला अख्खं इंजिन एका कुशीवर कलतं केलं. एका निर्णयामागून दुसरा निर्णय कसा येत गेला, हे त्या गाडीकडे नुसतं बघत बसलं तरी वाचता येतं.

माझी सर्वांत लाडकी मात्र 1962 ची लोटस एलान. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांना वजनाचा तिटकारा होता. मधोमध पोलादी कणा, वर फायबरग्लासची बॉडी, सगळं मिळून वजन 700 किलोच्या आत. तिचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपतात, आणि ते हलवायला मोटर नाही. इंजिन हवा ओढतं त्या व्हॅक्यूमवर ते चालतात. तो व्हॅक्यूम साठवायला वेगळी टाकी देण्याऐवजी चॅसीचा पुढचा पोकळ आडवा भागच टाकी म्हणून वापरला! एका भागाने दोन कामं करायची, ही शिस्त मी माझ्या ड्रॉइंगमध्ये आयुष्यभर पाळायचा प्रयत्न केला.

मी स्वतः चालवते ती 1966 ची एमजीबी, एक छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनत होती, दुर्मीळ वगैरे नाही, आणि 1798 सीसीचं तिचं इंजिन घरगुती गाड्यांतल्याच घराण्यातलं. तिला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, आहेत आणि ते एकमेकांशी जुळवणं हे माझं सर्वांत आवडतं काम. एअर फिल्टर काढायचे, इंजिन चांगलं तापू द्यायचं. मग रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. सूं असा आवाज येतो. दुसऱ्याच्या तोंडाशीही तसाच यायला हवा. येत नसेल तर आयडलिंगचा स्क्रू जरासा फिरवून पुन्हा ऐकायचं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना कान जसा लागतो, तसाच इथेही लागतो. दोन्ही आवाज एक झाले की मिक्स्चर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, तपासायचं. कार्बोरेटरखालची छोटी पिन दाबून आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त जातंय, इंजिन धापा टाकत बंद पडायला लागलं तर कमी. यात ना स्क्रीन, ना सेन्सर.

माझी भाची हल्ली शेजारी उभी राहते. परवा तिने नळी कानाला लावली आणि म्हणाली, "आत्या, मागचा जास्त ओढतोय." खरंच ओढत होता.

या गाड्या झाकून ठेवणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, ब्रेकचे पिस्टन अडकतात, सील कोरडे पडतात. फेरारी 250 जीटीओ 1962 ते 1964 मध्ये 36 च बनल्या, तरी त्यांतल्या काही इंग्लंडमधल्या गुडवुडच्या शर्यतींत पळवल्या गेल्या आहेत, त्यांच्या मालकांचं मला फार कौतुक वाटतं. माझ्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना चाकांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. नीट जमलं की दांडा आपणहून आत ओढला जातो, तळहाताला ते स्पष्ट कळतं. हा आनंद काचेच्या कपाटात कसा मिळणार?

सध्या इंधनाचे रबरी पाइप बदलायला काढलेत, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पॉइंट्स, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारी-जोडणारी छोटी यांत्रिक टोकं, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, असं बरेच जण सुचवतात. सोयीचं आहे, मान्य. पण भाचीला नुकताच फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, आणून दिलाय आणि पॉइंट्सची गॅप आता तीच लावते, 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या मध्ये. तेव्हा पॉइंट्स राहणार.