पोरीच्या फोनमध्ये गुपचूप काही टाकून देता का?

नेरुळला स्टेशनच्या पश्चिमेला माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक, पाण्यात पडलेले फोन ही रोजची कामं. हल्ली मात्र एक मागणी वारंवार येते आणि ती करताना माणसं आवाज खाली आणतात. "दादा, पोरीचं इन्स्टा आणि व्हॉट्सॲप आमच्या फोनवर दिसेल असं काहीतरी टाकून द्या. फक्त तिला कळायला नको." मी नाही म्हणतो. मग पुढचा प्रश्न येतोच : का? काउंटरवर मागे गिऱ्हाइकं उभी असताना त्याचं उत्तर धड देता येत नाही. म्हणून तुम्हा आईवडिलांसाठी इथे नीट लिहितो.

आधी एक सांगतो. असं विचारणाऱ्या आईवडिलांना मी संशयी समजत नाही. आमच्याकडे बहुतेक घरांत दोघंही सकाळी लोकल पकडतात. मूल दुपारी शाळेतून येतं, कुलूप उघडतं, जेवतं आणि संध्याकाळी एनएमएमटीच्या बसने वाशीला क्लासला जातं. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर, क्लासची वेळ बदलल्याचा निरोपही तिथेच. 'फोनच देऊ नका' हा सल्ला अशा घरात चालत नाही. दिवसभर मूल एकटं आणि त्याच्या हातात सगळं जग. काळीज धडधडतं ते खरंच आहे. मलाही दोन मुलं आहेत, मुलगी पंधराची आणि मुलगा अकराचा.

पण तुम्ही जे टाकायला सांगता ते काय असतं बघा. ही ॲप्स सहसा प्ले स्टोअरवर मिळत नाहीत, बाहेरून उतरवावी लागतात. त्यासाठी आधी प्ले प्रोटेक्ट बंद करायचं, म्हणजे फोनचा स्वतःचा पहारा उठवायचा. मग ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची. ही सोय ज्यांना नीट दिसत नाही त्यांना फोनने पडदा वाचून दाखवावा म्हणून केलेली आहे. ती एकदा मिळाली की पडद्यावर दिसणारं आणि टाइप होणारं जवळजवळ सगळं ॲपला वाचता येतं. बँकेचे पैसे लुटणारी खोटी ॲप्सही हीच परवानगी मागतात. आणि वाचलेलं सगळं थेट तुमच्या फोनवर येत नाही. ते आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथून तुम्हाला दिसतं. म्हणजे तुमच्या मुलीचे फोटो, तिच्या गप्पा, ती या क्षणी कुठे आहे हे सगळं अशा लोकांकडे साठतं, ज्यांचं ऑफिस कुठल्या देशात आहे हेही तुम्हाला माहीत नसतं. अशा कंपन्यांकडून डेटा फुटल्याच्या घटना जगात अनेकदा घडल्या आहेत. मुलीला परक्यांपासून वाचवायला निघून आपणच तिचं सगळं परक्याच्या हवाली करायचं, हे माझ्या हातून होणार नाही.

शिवाय त्या गप्पांमध्ये ती एकटी नसते. तिच्या मैत्रिणीने पाळी चुकल्याचं लिहिलेलं असतं, कुणी घरातली भांडणं लिहिलेली असतात. त्या मुलींच्या आया माझ्याकडे काही मागायला आलेल्या नसतात.

आणि पोरांना हे कळतं. बॅटरी लवकर उतरायला लागते, फोन तापतो, नाहीतर व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये, म्हणजे ते अकाउंट आणखी कुठे कुठे उघडलंय त्या यादीत, घरच्या लॅपटॉपचं नाव दिसतं. मग तीच पोरं माझ्याकडे येतात : "काका, यात काही टाकलंय का बघा ना." मी बघतो आणि असेल तर असेल म्हणून सांगतो, घरी बोल असंही सांगतो. किती जण बोलतात कोण जाणे. पुढे काय होतं ते मात्र मला दिसतं. ती दुसरं अकाउंट उघडतात, त्याला ती 'स्पॅम' म्हणतात. मित्राचा जुना फोन वापरतात. आईवडील रोज रात्री वाचत बसतात ते त्यांच्यासाठीच ठेवलेलं साळसूद अकाउंट. त्यांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि मला यात सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

कारण मी एक मुलगा बघितलाय. दहावीतला. दुकान बंद करायच्या वेळी आला आणि म्हणाला, "काका, नंबर बदलला तर समोरच्याला आपण सापडतो का?" हात थरथरत होते. आत बसवलं, पाणी दिलं. इन्स्टावर एका मुलीच्या नावाने ओळख झाली होती, व्हिडिओ कॉल झाला होता, त्या कॉलचं रेकॉर्डिंग झालं होतं आणि आता पैसे मागत होते. नाहीतर सगळ्या फॉलोअर्सना पाठवू म्हणून धमकी. मी विचारलं, घरी सांगितलंस? तर म्हणाला, "बाबा फोन चेक करतात, लपून. त्यांना कळलं तर मारतील." वडील फोन तपासत होते, तरी हे झालं होतं. आणि झाल्यावर तो वडिलांकडे न जाता नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे आला होता.

ब्लॅकमेल करणाऱ्याचं सगळं भांडवल एकच असतं, मूल घरी सांगणार नाही याची खात्री. ती खात्री घरातूनच मिळाली तर त्याचं काम सोपं होतं. त्या मुलाला मी सांगितलं ते तुम्हालाही माहीत असू द्या. एकही पैसा द्यायचा नाही, दिला तर मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही. अकाउंटचं नाव, लिंक आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवायचे, मग ब्लॉक. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनला फोन, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवाही आहे. अठराच्या आत असताना काढलेला तसला फोटो किंवा व्हिडिओ असेल, तर तो कुणाला न पाठवता आपल्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो. त्या ठशावरून, या सेवेत सामील झालेल्या कंपन्या आपल्याकडचं ते चित्र शोधून काढून टाकू शकतात. त्या रात्री त्याच्या वडिलांना मीच फोन लावला, त्याला विचारून. ते आले. मारलं नाही. दोघं मिळून तक्रार करायला गेले.

म्हणजे लक्षच ठेवायचं नाही का? ठेवायचं. पण मुलाला माहीत असताना ठेवायचं, आणि वय वाढेल तसं कमी करत न्यायचं. इन्स्टाग्रामला तेरा वर्षांची अट आहे, म्हणून माझ्या मुलाला ते अजून नाही. त्याच्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक आहे. कुठलं ॲप उतरवायचं याची परवानगी माझ्याकडे येते, रात्री नऊनंतर फोन बंद होतो. काय काय दिसतं ते त्याला मी माझ्या फोनवर दाखवलंय. मुलीचं इन्स्टाग्रामवर टीन अकाउंट आहे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांसाठीचं. भारतात ते २०२५च्या फेब्रुवारीत आलं. अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प. सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायचं तर आईवडिलांची परवानगी लागते. तिने मान्य केलं म्हणून मी सुपरव्हिजन, म्हणजे आईवडिलांना लक्ष ठेवण्यासाठी इन्स्टाग्रामनेच दिलेली सोय, जोडलंय. गेल्या सात दिवसांत ती कुणाशी बोलली ते मला दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. एक बाप म्हणून मला तेवढं पुरतं. एखादं नाव अनोळखी वाटलं तर जेवताना विचारतो, हा कोण गं?

लोकेशनचंही आमचं ठरलेलं आहे. क्लासहून येताना चालू, एरवी तिची मर्जी. २ नोव्हेंबर २०२५ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल होती, नेरुळभर गर्दी. त्या दिवशी मी न सांगता तिने स्वतःच लोकेशन चालू केलं.

"पोरांना कसली आलीय प्रायव्हसी?" असंही काही जण ऐकवतात. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९चा आहे आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्यातलं सोळावं कलम मुलाच्या खासगीपणाचं आणि पत्रव्यवहाराचं आहे. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठराच्या आतल्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यावरून जाहिराती दाखवायला कंपन्यांना मनाई केली आहे. तो कायदा आईवडिलांना लागू नाही हे मला कळतं. पण जे कंपनीने करू नये असं संसदेला वाटलं, ते घरात करताना आपण थोडं थांबायला हवं.

आता अपवाद. मूल जेवत नाही, रात्र रात्र जागतं, घरातले पैसे कमी होतायत, कुणी मोठं माणूस महागड्या वस्तू पाठवतंय, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलतंय, यातलं काहीही दिसलं तर मी फोन वाचेन. तेव्हा खासगीपणा बाजूला, जीव आधी. पण तेव्हाही मुलाला शेजारी बसवून, "मला भीती वाटतेय म्हणून बघतोय" असं सांगून वाचेन.

तेव्हा दुकानात या, पण मुलाला घेऊन या. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते. सेटिंग्ज तिघांनी मिळून करू, त्याचे मी पैसे घेत नाही. पासवर्ड मात्र मुलालाच टाकू द्या, तुम्ही आणि मी तेवढा वेळ दुसरीकडे बघू.