वहीच्या मागच्या पानांवर

मडगावला कोकणकन्येतून उतरून मठात पोचलो, त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या आंटीने चहा आणि गरम पोई माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "घरा खंयची भास उलयतात?" मी म्हणालो, मराठी. तिने माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं. "तूं किरिस्तांव न्हय?"

तिला खरंच नवल वाटलं होतं. तिच्या गावात मराठी म्हणजे देवळातलं भजन, शेजाऱ्यांकडे येणारा मराठी पेपर. इगर्जेत, म्हणजे चर्चला, जाणारा माणूस कोंकणी बोलतो आणि प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत वाचतो. आमच्या वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, माझी आजी जपमाळ मराठीत म्हणायची, हे तिला सांगितल्यावर तिने कौतुकाने मान हलवली. पण हाच प्रश्न त्या महिन्यात मला पाच-सहा जणांनी विचारला आणि मी माझी मराठी हळूहळू मिटून ठेवली. मिस्साला मीस म्हणायला शिकलो, जपमाळेला तेर्स, धर्मशिक्षणाला दोतोर्न. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ऐवजी 'आमच्या बापा, सर्गींच्या'. इथल्या माणसांत मिसळायचं तर त्यांच्या भाषेत प्रार्थना करता आली पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. आजही वाटतं.

मी चोवीस वर्षांचा आहे. येशूसंघात, म्हणजे जेझुइटांत, तत्त्वज्ञानाचा अभ्यास झाल्यावर आणि ईशज्ञानाचा सुरू होण्याआधी आम्हाला प्रत्यक्ष कामावर पाठवतात. त्याला आम्ही रिजन्सी म्हणतो. लहानपणी मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर समुद्र यायचा. वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात, नागासाकीला क्रुसावर गेले, ही गोष्ट आमच्याकडे पोरांना पाळण्यापासून ऐकायला मिळते. मला मिळाला गोवा, ठाण्याहून एका रात्रीच्या अंतरावर. थोडी निराशा झाली होती, ते कबूल करतो.

मग आमच्या मठातल्या एका वयस्क फादरांनी मला फादर थॉमस स्टीफन्सविषयी सांगितलं. आमच्याच संघातला हा इंग्रज तरुण १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला लागला. त्यानंतर मायदेशी परत गेलाच नाही. इथल्या, गोव्यातल्या साष्टीत राहिला, लोकांची बोली शिकला, कोंकणीचं व्याकरण लिहिलं आणि येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. राशोल आमच्यापासून सायकलवर आहे. रविवारी दुपारी मी कधीकधी तिथे सेमिनरीच्या आवारात जाऊन बसतो. विल्टशरच्या खेड्यातल्या माणसाला ओवी कुणी शिकवली असेल, कुणाच्या अंगणात बसून त्याने ती कानात साठवली असेल, हा विचार मला तिथे गेलो की नेहमी येतो.

आठवड्याचा क्रम सांगण्यासारखा फार नाही. पहाटे साडेपाचला ध्यान, तेवढ्यात पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा. सकाळी शाळेत मदत, बुधवारी पाद्रींबरोबर आजारी माणसांच्या भेटी, शनिवारी दोतोर्न, रविवारी सातच्या मिसेला गायनमंडळात पेटी. सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेचारला कापेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, पडवीत बांधकाम मजुरांच्या मुलांचा वर्ग. माझं मन खरं त्या वर्गात असतं.

वर्गात बावीस मुलं. विजयपूर, बागलकोटकडची कन्नड बोलणारी, काही लमाणी आणि चार-पाच जत, मंगळवेढ्याकडची मराठी. सगळ्यांना कळावी म्हणून वर्गाची भाषा हिंदी ठरली. आईबापांची मागणी एकच, इंग्रजी शिकवा. म्हणून मी एबीसीडी, पाढे आणि कोंकणीतली रोजची वाक्यं एवढंच शिकवत होतो. मुलांना कोंकणी लवकर येते, पण मध्येच अडखळतात. इथे 'चेडूं' म्हणजे मुलगी. एका मराठी पोराला शाळेत कुणी विचारलं, ती चेडूं कोण, तर तो चेंडू शोधायला बाकाखाली वाकला. त्यावर वर्ग हसला आणि तो आठवडाभर शाळेत गेला नाही.

जतकडची एक मुलगी मार्चमध्ये, शिमग्यानंतर आली. दहा वर्षांची. बोलायची नाही. शाळेतून निरोप आला होता की ही मंद आहे, वाचता येत नाही. मी तिच्यापुढे इंग्रजीचं पुस्तक धरलं, ती गप्प. पाटीवर एबीसी काढायला सांगितली, तिने बी उलटा काढला. मी माझ्या डायरीत लिहिलं, 'अक्षरओळख नाही', आणि तिला पाच-सहा वर्षांच्या मुलांत बसवलं. ती मुकाट्याने जाऊन बसली. चार महिने तिथेच बसली. मी एकदाही तिला विचारलं नाही की गावाकडे तू कितवीत होतीस. हे आठवलं की अजून माझ्या पोटात गलबलतं.

जुलैच्या सुरुवातीला ती यायची बंद झाली. दोन आठवडे वाट पाहिली. मग एका शनिवारी, दोतोर्न आटोपल्यावर, छत्री घेऊन मी त्यांच्या वस्तीवर गेलो. पाऊस असा होता की पडवीत पाणी आलं होतं आणि वर्ग भरण्यासारखा नव्हताच. वस्ती म्हणजे अर्धवट उभ्या इमारतीमागे पत्र्याच्या पंधरा-सोळा खोल्या. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की दार ठोठावलेलं ऐकू जाईना. लाइट गेलेले. तिचे वडील घरीच होते. ते सेंट्रिंगचं काम करतात, पावसात स्लॅब भरत नाहीत आणि काम नसलं की हजेरी नसते.

त्यांनी मला बसायला पोतं अंथरलं. चहा ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "बरदर, एक इचारू का? राग मानू नगा."

"विचारा की."

"साइटवर मानसं बोलत्यात. तुमी पोरांस्नी बाटवायला आलाय म्हनून. म्हनून म्या पोरीला पाठवलं न्हाई."

मला राग आला नाही. हा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. तेव्हाच्या साष्टीतल्या कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात पोर्तुगीज राज्याच्या भीतीने नदीपलीकडे प्रियोळ आणि कवळ्याला न्यावी लागली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, या भूमीवर १५६० पासून १८१२ पर्यंत होतं. १६८४ साली तर सरकारने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या धर्माचा झगा मी घालतो त्या धर्माच्या नावाने हे झालं. जतहून आलेल्या या माणसाला त्या सनावळ्या ठाऊक नसतील, पण त्याची भीती खरी होती आणि तिला खरं उत्तर मिळायला हवं होतं.

मी त्यांना म्हणालो, "मी मिशनरी आहे, ते लपवणार नाही. येशूवर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच घर सोडून आलो. पण तुमच्या मुलीने कुणाला हात जोडावेत, हे ठरवायला आलो नाही. वर्गात अक्षरं आणि हिशेब, याखेरीज काही नाही. तुम्ही केव्हाही येऊन मागे बसा."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी मराठीत बोललो होतो. गोव्यात आल्यापासून इतकं सलग मराठी मी फोनवर आईशी सोडून कुणाशी बोललो नव्हतो.

ते काही बोलले नाहीत. चहा आला, काळा, गुळाचा. अंधारात कोपऱ्यात साडीची झोळी बांधलेली होती आणि तिच्याजवळ बसलेली म्हातारी मघापासून एका हाताने झोळी हलवत होती. पाऊस जरा ओसरला तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. ती ओव्या म्हणत होती. पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, त्या चालीत. पंढरीचा इठ्ठल, भावाच्या बैलांची जोडी, माहेरची वाट. जातं गावाकडे राहिलं होतं, पण ओवी तिच्याबरोबर परमुलखात आली होती. गोव्याला ती परमुलूखच म्हणते.

मध्येच तिची एक ओळ अडली. पहिलं चरण म्हणाली आणि थांबली. आणि झोळीच्या पलीकडून, मी चार महिने मुकी समजत होतो त्या मुलीने दुसरं चरण म्हटलं. स्पष्ट, सुरात. म्हातारीने ते उचललं आणि पुढे गेली.

पुन्हा अडली. पुन्हा मुलीने पुरवलं. या वेळी मी पाहिलं, तिच्या मांडीवर वही होती आणि मोबाइलचा उजेड वहीवर होता.

"बघू?" मी म्हणालो. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

चौकटीची गणिताची वही. मीच वाटलेली. पुढच्या पानांवर माझ्या लाल शाईतल्या फुल्या. मागून उघडली तर देवनागरीत, पेन्सिलने, दोन-दोन ओळींत ओव्या. मी मोजल्या, सतरा होत्या. विठ्ठलाचा इट्टल, असेलचं आसल, जसं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. अक्षर मोठं आणि गोल, एकही खाडाखोड नाही. गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती तिसरी पास होऊन आली होती.

"हे तू का लिहितेस?" मी विचारलं.

"आज्जी इसरतीया," ती म्हणाली. "म्हून लिवते."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. मला उत्तर सुचेना. त्या वहीच्या पुढच्या आणि मागच्या पानांत जे अंतर होतं ते माझ्यामुळे पडलं होतं. तिच्यापुढे चार महिन्यांत मराठीचं एक पान मी ठेवलं नव्हतं. माझी मातृभाषा तिची मातृभाषा होती आणि ती मी आंटीच्या चहाच्या टेबलावरच मिटून ठेवली होती.

मी तिची माफी मागितली. त्या खोलीत, सगळ्यांसमोर. ती गोंधळली आणि आजीच्या पाठीमागे सरकली.

म्हातारीने तेवढ्यात मला विचारलं, "तुमच्यात वव्या असत्यात का रं, लेकरा?" मी वडिलांकडे पाहिलं. शब्द नुकताच दिला होता. तेच म्हणाले, "म्हना की. आईनं इचारलंय." मग मी तिला सांगितलं की चारशे वर्षांपूर्वी एक परदेशी फादर इथेच जवळ राहत होता आणि त्याने मराठीत ओव्या लिहिल्या. येशूच्या कथेतली ओवी मी म्हटली नाही. भाषेच्या कौतुकाची म्हटली, फुलांत मोगरी आणि सुगंधांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, ती. छापील पानावरून मी ती वर्गात वाचतात तशी वाचत आलो होतो. म्हातारीने दोनदा ऐकली आणि तिसऱ्या वेळी आपल्या चालीवर म्हणून दाखवली. चार चरणांत कुठे थांबायचं, कुठे आवाज ओढायचा, शेवटचा आखूड चरण कसा टेकवायचा, ते मला तोवर माहीत नव्हतं. राशोलच्या आवारात बसून जो प्रश्न मी स्वतःला विचारायचो, त्याचं निदान अर्धं उत्तर मला त्या पत्र्याच्या खोलीत मिळालं. अशाच कुणा म्हातारीने शिकवली असणार.

निघताना पाऊस थांबला होता. सातच्या आंजेलची, संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा झाली. मी छत्री उघडली तेव्हा आतून म्हातारी माझ्यावर जोडलेली ओवी म्हणत होती. ती मुलीने नंतर वहीत अठरावी म्हणून लिहिली:

दूर देशीचा मास्तर, पाटी धरीतो हातात
माय त्याची आसल उभी, दिवा लावून दारात

त्या रात्री मी आईला फोन केला आणि ती वाचून दाखवली. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, पुन्हा वाच.

सोमवारी मुलगी वर्गात आली. वडील मागे येऊन बसले, तासभर, शर्टाला सिमेंट लागलेलं तसंच. आता मराठी मुलांना मी पहिला अर्धा तास मराठी देतो. पुस्तकं आईने वसईहून पार्सलने पाठवली. मुलीला मोठ्यांत बसवलं होतं, पण ती दुसऱ्या दिवशी आपणहून लहानांत जाऊन बसली आणि त्यांना अक्षरं गिरवून द्यायला लागली. शाळेतल्या तिच्या बाईंना जाऊन भेटलो, वही दाखवली. त्यांनी ती वाचली आणि माझे आभार मानले.

आठवड्याने बागलकोटचा एक मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याची आजीही गाते म्हणाला, कन्नडमध्ये. त्यालाही ते लिहायचं आहे, पण कन्नड अक्षरं त्याला निम्मीच येतात आणि मला एकही येत नव्हतं. आता वर्ग सुटल्यावर तो, त्याची चुलत बहीण आणि मी पडवीत बसतो. ती चौथीपर्यंत कन्नड शाळेत होती. ती पाटीवर काढते, आम्ही दोघं गिरवतो. काल स्वर संपले. उद्या 'क' पासून सुरू करायचं आहे.